एमआरपीच्या शेजारी एक तारीखही छापा

प्रति,
मा. सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
नवी दिल्ली

विषय : घरगुती लॅपटॉप व कॉम्प्युटरच्या खोक्यावर सॉफ्टवेअर दुरुस्त्यांची अखेरची तारीख छापणे सक्तीचे करण्याबाबत

महोदय,

लॅपटॉपच्या खोक्याच्या एका अंगाला पांढरं लेबल चिकटवलेलं असतं. त्यावर काय असावं हे आपल्याच विभागाच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनी ठरवून दिलंय. उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, माल कुठल्या देशाचा, कुठल्या महिन्यात बनला, आत नग किती, तक्रारीसाठी फोन कुठे करायचा आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत. तालुक्याच्या गावी माझं कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे हे लेबल मला तोंडपाठ झालंय. एक गोष्ट मात्र त्यावर कधीच नसते. या मशीनच्या बायोसला (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम), ड्रायव्हरना (एकेक भाग चालवणारे प्रोग्रॅम) आणि आत घालून दिलेल्या विंडोजला दुरुस्त्या कुठल्या तारखेपर्यंत मिळणार, हे कोणीच लिहीत नाही. ती तारीख एमआरपीच्या शेजारी, एमआरपीइतक्याच मोठ्या अक्षरात छापायला लावा, एवढं एकच मागायला हे पत्र आहे. बाकीचं सगळं त्याची कारणं.

गिऱ्हाईक काउंटरवर येतं तेव्हा त्याचे प्रश्न ठरलेले असतात. रॅम किती, एसएसडी किती, आय-थ्री की आय-फाइव्ह, बॅग फुकट का, आणि सगळं झाल्यावर ‘शेवटचे किती लावाल?’ अपडेट किती वर्षं मिळतील, हा प्रश्न लॅपटॉपच्या बाबतीत कोणी विचारत नाही. गंमत म्हणजे तीच माणसं शेजारच्या मोबाइलच्या दुकानात हाच प्रश्न हमखास विचारतात. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षं अपडेट देऊ म्हटलं, पाठोपाठ सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ ला तेच कबूल केलं, जाहिरातींतून तो आकडा लोकांच्या कानावर गेला आणि लोक विचारायला लागले. लॅपटॉपला असा आकडाच नाही, मग विचारणार काय? तोच माणूस फोनच्या दुप्पट पैसे देऊन लॅपटॉप नेतो आणि तो किती वर्षं सुरक्षित राहणार हे त्यालाही ठाऊक नसतं, मला तर नसतंच नसतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. त्याच्या आधीचे काही महिने दुकानात रोज कोणी ना कोणी स्क्रीनवर आलेली सूचना मोबाइलवर फोटो काढून घेऊन यायचं. ‘मॅडम, दिवाळीला कॉम्प्युटर बंद पडणार का?’ बंद पडणार नाही, पण नवं भोक सापडलं तर ते बुजवायला कोणी येणार नाही, असं मी समजावून सांगायची. मग पुढचा प्रश्न यायचा, ‘मग विंडोज ११ मारून द्या.’ तिथे खरी अडचण. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा. २०१८ च्या दिवाळीत सातव्या आणि आठव्या पिढीचे लॅपटॉप एकाच शेल्फवर शेजारी शेजारी ठेवलेले असायचे, आणि सातवीवाला थोडा स्वस्त म्हणून भराभर जायचा. सात वर्षांनी त्या स्वस्ताईचं बिल आलं.

इथे कोणी म्हणेल, २०१८ मध्ये विंडोज ११ च्या अटी कोणाला ठाऊक होत्या? बरोबर, नव्हत्या. पण विंडोज १० ची अखेरची तारीख ठाऊक होती. १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख मायक्रोसॉफ्टने २०१५ पासूनच आपल्या वेबसाइटवर टाकलेली होती. खोक्यावर मात्र नव्हती, बिलावर नव्हती, आणि विक्रेत्यांच्या प्रशिक्षणात तिचा उच्चारही नव्हता. उलट २०१५ मध्ये कंपनीच्याच एका माणसाने जाहीर कार्यक्रमात ही विंडोजची शेवटची आवृत्ती असल्याचं सांगितलं होतं, आणि ते वाक्य तारखेपेक्षा कितीतरी जास्त लोकांपर्यंत पोचलं. आणि जाता जाता एक : सातव्या पिढीला सरसकट नकार देताना एका प्रोसेसरला निवडक यंत्रांपुरती सूट मिळाली, कोअर आय-सेव्हन ७८२०एचक्यू. त्या निवडक यंत्रांत मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं सरफेस स्टुडिओ २ होतं. घरचं माणूस पंगतीत आधी बसलं, दुसरं काय.

आता पैशाचं. आधार संपल्यावर मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकाला एक वर्षाची वाढीव मुदत देऊ केली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी ३० डॉलर किंवा तेवढ्या किमतीचं स्थानिक चलन भरा, नाहीतर मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्याकडे ठेवा, नाहीतर रिवॉर्ड्सचे १,००० पॉइंट खर्चा. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर तिथल्या लोकांसाठी बॅकअपची अटही काढून टाकली. कंपन्या आणि संस्थांसाठी भाव वेगळा : दर मशीनला पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. म्हणजे एका वर्षाच्या दुरुस्त्यांना बाजारात ठरलेला भाव आहे. तो काढता येतो, छापता येतो, डॉलरमध्ये सांगता येतो. मग लॅपटॉपच्या मूळ किमतीत अशी किती वर्षं धरलेली होती, हे गिऱ्हाइकाला विकत घेतानाच सांगायला काय हरकत होती?

विंडोजचं निदान नाव तरी लोकांना माहीत आहे. त्याच्या खाली जो बायोस असतो, तो आजारी पडल्याशिवाय कोणाला आठवत नाही. बटण दाबल्यावर विंडोज उठायच्या आधी जे काही चालतं ते सगळं बायोसचं. आणि तो एका घरात तयार होत नाही. इंटेल किंवा एएमडी आपापला भाग देतात, मूळ सांगाडा बहुधा एएमआय, इन्साइड किंवा फिनिक्सचा असतो, प्रत्यक्ष बोर्ड क्वांटा किंवा कॉम्पालसारखी तैवानी कंपनी बनवते आणि झाकणावर नाव तिसऱ्याचंच. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधलेच दोष जगासमोर आले, तेव्हा ही साखळी पहिल्यांदा उघडी पडली. इंटेलने मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची, दुरुस्ती काढली, ती बोर्ड बनवणाऱ्याकडून ब्रँडकडे आणि ब्रँडकडून गिऱ्हाइकाकडे यायची होती. काहींची आली, काहींची मध्येच जिरली. काही जुन्या प्रोसेसरना आपण दुरुस्ती देणारच नाही, असं इंटेलने त्याच वर्षी एप्रिलमध्ये सांगून टाकलं. निदान सांगितलं तरी.

त्यानंतर दर एक-दोन वर्षांनी हेच. डिसेंबर २०२३ मध्ये लोगोफेल निघालं : मशीन सुरू होताना कंपनीचा लोगो दिसतो ना, ते चित्र वाचणाऱ्या कोडमध्येच भोक होतं आणि जवळजवळ सगळ्या मोठ्या ब्रँडची यंत्रं त्यात सापडली. त्याची दुरुस्ती विंडोज अपडेटने होत नाही, बायोसच बदलावा लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये सिंकक्लोज आलं, एएमडीच्या २००६ पासूनच्या चिप्समधला दोष. दुरुस्ती मिळणाऱ्या चिप्सच्या एएमडीच्या पहिल्या यादीतून डेस्कटॉपचे रायझन ३००० वगळलेले होते. हे प्रोसेसर जुलै २०१९ मध्ये बाजारात आले होते, म्हणजे पाच वर्षांचेच. लोकांनी आरडाओरडा केल्यावर काही दिवसांतच ते यादीत आले. आरडाओरडा करून मिळणारी गोष्ट आधी कबूल करून घेता आली असती, असं मला त्या वेळी फार वाटलं. त्याच महिन्यात इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचं व्होल्टेजचं दुखणं निस्तरण्यासाठी नवा मायक्रोकोड निघाला. इथे तर प्रश्न नुसत्या सुरक्षेचा नव्हता. जास्त व्होल्टेजने चिप हळूहळू खराब होत होती आणि एकदा खराब झालेली चिप कुठल्याही अपडेटने सुधारत नाही. इंटेलने दोन वर्षं वॉरंटी वाढवून दिली, हे चांगलंच केलं. पण दुरुस्ती मशीनमध्ये पोचवायची ती बायोस अपडेटनेच, आणि ज्याच्या घरी मुलाने गेमसाठी असेंबल केलेलं मशीन आहे त्या बापाला ही बातमी कोणी कळवायची?

२०२६ चा विषय सिक्युअर बूटच्या प्रमाणपत्रांचा आहे. मशीन सुरू होताना समोरचं विंडोज खरं की बनावट हे तपासायला बायोसमध्ये २०११ सालची प्रमाणपत्रं बसवलेली असतात. त्यांची मुदत जून २०२६ पासून संपायला लागते. त्या दिवशी मशीन बंद पडेल असं नाही. पण २०२३ ची नवी प्रमाणपत्रं आत गेली नाहीत तर सुरू होण्याच्या टप्प्यावरच्या पुढच्या दुरुस्त्या त्याला मिळणार नाहीत. बऱ्याच मशीनमध्ये ती विंडोज अपडेटबरोबर जातात. काहींना त्याआधी ब्रँडवाल्या कंपनीचा बायोस अपडेट लागतो, आणि तोच ज्यांच्यासाठी निघणार नाही ती मशीन तशीच राहणार. ही मुदत प्रमाणपत्रात पहिल्या दिवसापासून लिहिलेली आहे. म्हणजे तारीख यंत्राच्या पोटात छापलेली आणि खोक्यावर नाही.

माझ्या दुकानात हे कसं दिसतं ते सांगते. ऑनलाइन सेलमध्ये घेतलेला नवाकोरा लॅपटॉप गिऱ्हाईक सेटिंग करायला आणतं. खोक्यावरचा महिना पाहिला तर दीड-दोन वर्षांपूर्वीचा. सिरियल नंबर टाकून कंपनीचं पान उघडलं तर शेवटचा बायोस लॅपटॉप विकला त्याच्याही आधीचा आणि त्यानंतर काहीच नाही. आता यावरून दोन अर्थ निघतात. एक, दोषच नाहीत म्हणून अपडेट नाही. दोन, कंपनीने या मॉडेलवर पाणी सोडलंय. दोन्हींत काय खरं ते पानावर लिहिलेलं नसतं, आणि मदत क्रमांकावर विचारलं तर ‘अपडेट आलं की वेबसाइटवर दिसेल’ हे एकच उत्तर. धंद्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या मालिकांना बायोस जास्त वर्षं येत राहतो, घरगुती मालिकांचा लवकर आटतो, हे मी कामातून शिकले. ते शिकण्यासाठी प्रत्येक गिऱ्हाइकाने दुकान टाकावं, अशी अपेक्षा नसावी.

दुसरा प्रसंग जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका शिक्षिकेचा. कंपनीच्याच अॅपने कोपऱ्यात चौकट दाखवली, महत्त्वाचं अपडेट आहे म्हणून. बाईंनी होकार दिला. चार्जर लावलेला, बॅटरी भरलेली, सगळं सांगितल्याप्रमाणे. मशीन बंद झालं ते परत उठलंच नाही. पंखा फिरतोय, कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक अंतराने लुकलुकतोय, स्क्रीन काळा. अधिकृत सेवा केंद्राने सांगितलं, वॉरंटी संपली आहे, बोर्ड बदलावा लागेल. आणि जी रक्कम सांगितली ती लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्याच्या वर होती. मग बाई माझ्याकडे आल्या.

मागचं झाकण उघडलं, बॅटरीची पिन काढली. बोर्डावर आठ पायांची एक छोटी चिप असते, बायोस तिच्यात राहतो. तिला क्लिप लावायची आणि सीएच३४१ए नावाच्या प्रोग्रॅमरला जोडायची; हा प्रोग्रॅमर काहीशे रुपयांत मिळतो. चिप १.८ व्होल्टची असेल तर मध्ये अडॅप्टर हवाच, नाहीतर चिप जळते. आधी आत जे आहे ते दोनदा वाचून दोन्ही प्रती जुळतात का बघायचं, कारण मशीनचा सिरियल नंबर आणि विंडोजची किल्ली त्यातच असते. कंपनीच्या वेबसाइटवर बायोस ईएक्सई फाइलच्या रूपात मिळतो. ती सोडवून आतली मूळ फाइल काढायची, जुन्या प्रतीतला सिरियल नंबर आणि किल्ली नव्या फाइलीत योग्य जागी घालायची, चिप पुसायची, लिहायची, पडताळायची. संध्याकाळपर्यंत लॅपटॉप चालू. बोर्डाला काहीएक झालेलं नव्हतं. अपडेट अर्धवट लिहिलं गेलं होतं, बस्स.

मला स्वतःची पाठ थोपटायची नाही, हे काम आमच्या धंद्यातले कितीतरी जण करतात. प्रश्न असा आहे की कंपनीने स्वतः पाठवलेल्या दुरुस्तीने मशीन बंद पडलं, तर वॉरंटीची तारीख मध्ये येतेच कशी? वॉरंटी असते भाग खराब होण्याबद्दल. इथे भाग ठणठणीत होता आणि त्याला निकामी करणारी वस्तू कंपनीकडूनच आलेली. परिणाम असा होतो की लोक बायोस अपडेट करायलाच घाबरतात. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर अपडेट लावायचं म्हणजे जीव मुठीत धरून बसायचं. मीसुद्धा गिऱ्हाइकाला ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ असा सल्ला देणारे दुकानदार रोज पाहते, आणि त्यांचं अगदीच चुकतं असंही म्हणवत नाही. खोक्यावर तारीख छापायची सक्ती कराल तेव्हा सोबत एवढी एक ओळ घाला : त्या तारखेच्या आत कंपनीच्या अधिकृत अपडेटने यंत्र बंद पडलं, तर ते विनामूल्य चालू करून देणं कंपनीवर बंधनकारक.

तारीख छापली की किमतीचा अर्थच बदलेल, म्हणून हा विषय मी वैध मापनाकडे, म्हणजे वजन-मापं आणि लेबलं पाहणाऱ्या आपल्या विभागाकडे, घेऊन आले. समजा एक लॅपटॉप ४०,००० ला आहे आणि त्याच्या दुरुस्त्या तीन वर्षांत संपतात. शेजारचा ४८,००० ला आहे आणि त्याला आठ वर्षं आहेत. पहिला वर्षाला १३,३३३ रुपयांना पडला, दुसरा ६,००० ला. आजच्या लेबलवर पहिला स्वस्त दिसतो. सेलमध्ये मोठी सूट लागते ती बहुतेकदा जुन्या मालावर, आणि जुन्या मालाची वर्षं कपाटातच सरलेली असतात. अशा मालाला सूट मिळू नये असं माझं म्हणणं नाही, जरूर मिळावी. कशाबद्दल मिळतेय ते दिसावं. आणि हल्ली तर मेमरीचे भाव चढल्यापासून लोक जुनाच लॅपटॉप आणखी दोन वर्षं ओढायचं म्हणतायत. एआयच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मालामागे कारखाने धावतायत, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा घरगुती ग्राहकांचा धंदाच आवरता घ्यायचं जाहीर केलं. नवं यंत्र महाग होतं तेव्हा जुन्या यंत्राची उरलेली वर्षं जास्त मोलाची होतात.

कंपन्या काय म्हणतील ते मला साधारण माहीत आहे. पहिलं म्हणतील, आमच्या हातात नाही, इंटेलने दिलं तर आम्ही देणार, मायक्रोसॉफ्टने दिलं तर आम्ही देणार. पण लेबलवर नाव इंटेलचं नसतं. आपल्या नियमांनी तक्रारीसाठी एकाच उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव छापायला लावलंय, ते याचसाठी ना? त्याने मागे जाऊन आपापल्या पुरवठादारांशी करार करावा. तारीख देता येत नसेल तर ‘दुरुस्त्यांची हमी नाही’ असं छापावं. तेही चालेल. गिऱ्हाईक काय ते समजेल.

दुसरं म्हणतील, किमती वाढतील. वाढू देत थोड्या. आज ती किंमत गिऱ्हाईक देतंच आहे, फक्त नंतर देतं, आणि एकरकमी नवा लॅपटॉप घेऊन देतं. राहिली गोष्ट जमण्या-न जमण्याची. १९९० च्या आधी पाकिटावर किंमत छापून पुढे ‘स्थानिक कर वेगळे’ एवढं लिहिलं की भागत असे आणि दुकानदार त्या तीन शब्दांत हवं ते बसवत असे. राज्याराज्यांत विक्रीकर वेगळा होता, तरी सर्व करांसह एकच कमाल किंमत छापणं कंपन्यांना जमलंच. पुण्यात १९७४ मध्ये सुरू झालेली ग्राहक पंचायत आणि पुढच्या वर्षीची मुंबई ग्राहक पंचायत, या दोन्हींच्या महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ‘हे छापता येणार नाही’ असं सांगून भागत नाही.

आणि हे जगात पहिल्यांदा होतंय असंही नाही. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाला, त्याची मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून सुरू होतील. साधारणपणे किमान पाच वर्षं सुरक्षा दुरुस्त्या द्यायच्या, आणि त्या कधी संपणार तो महिना आणि वर्ष विकत घेतानाच ग्राहकाला सांगायचं. ब्रिटनचा नियम एप्रिल २०२४ पासून चालू आहे, पण त्यांनी त्यातून नेमके लॅपटॉप आणि डेस्कटॉप वगळले. त्यांची नक्कल करताना हे भोक तेवढं नको. क्रोमबुकच्या, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या, प्रत्येक मॉडेलची अपडेट संपण्याची तारीख गूगल कधीपासून जाहीर करतं, आणि २०२३ मध्ये तर ती मुदत दहा वर्षांवर नेली. म्हणजे तारीख सांगणारी यंत्रं याच देशात, याच शेल्फवर विकली जातायत. तीच ब्रँडवाली कंपनी क्रोमबुक जाहीर तारखेसह आणि विंडोज लॅपटॉप तारखेशिवाय विकते, ही विसंगती तरी आपल्या नजरेला आणून द्यावी म्हटलं.

दुकानात येणारी कॉलेजची मुलं मला सांगतात, ‘मॅडम, लिनक्स टाकून द्या ना सगळ्यांना.’ टाकते मी, ज्याला नुसतं इंटरनेट आणि यूट्यूब हवंय त्याला खुशाल टाकते आणि तो सुखात राहतो. पण डीटीपीवाल्याचं श्रीलिपी, टायपिंग परीक्षेची तयारी करणारी मुलगी, डिजिटल सहीचं टोकन लावून निविदा भरणारा ठेकेदार, यांची गाडी विंडोजवरच अडते. आणि लिनक्स टाकल्याने बायोस नवा होत नाही. लिनक्सवर बायोसच्या दुरुस्त्या पोचवायची चांगली सोय आता झालीय, काही कंपन्या आपल्या फाइली तिथे ठेवतातही. पण फाइल बनवायची कंपनीनेच.

सरकारच्या हातात दोर आहेत. मे २०२३ मध्ये आयटी हार्डवेअरसाठी उत्पादन प्रोत्साहन योजनेचा दुसरा टप्पा मंजूर झाला, तरतूद १७,००० कोटींची. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट जाहीर झाली आणि पुढे ती आयात व्यवस्थापन पद्धतीत रूपांतरित झाली. म्हणजे देशात बनणारा आणि बाहेरून येणारा, दोन्ही माल सरकारच्या नोंदीतून जातो. प्रत्येक लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी येतो. एवढं सगळं मोजून-मापून घेतल्यावर दुरुस्त्यांची तारीख मागणं जड जायला नको. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरच्या शाळा-कार्यालयांच्या खरेदीत ही अट उद्यापासूनही घालता येईल, त्याला नियमदुरुस्तीची वाट बघायला नको.

आपल्या विभागाच्या समितीने दुरुस्तीयोग्यता निर्देशांकावरचा (वस्तू दुरुस्त करायला किती सोपी याला द्यायचे गुण) अहवाल मे २०२५ मध्ये दिला. त्यात सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून करायची शिफारस आहे, आणि सॉफ्टवेअर अपडेट हा एक निकष धरलाय, हे वाचून बरं वाटलं. त्यावर माझं म्हणणं दोन गोष्टींपुरतं. लॅपटॉप दुसऱ्या टप्प्यावर ढकलू नका. फोनचा बाजार स्वतःहून आकडे सांगायला लागलाय, लॅपटॉपचा लागलेला नाही. आणि गुणांमध्ये तारीख बुडवू नका. दहापैकी सात गुण मिळाले म्हणजे अपडेट किती सालापर्यंत, हे कोणालाही कळत नाही. ‘सप्टेंबर २०३३’ असं लिहिलं की सातवीतल्या पोरालाही कळतं.

बारकाव्यांत कंपन्या पळवाट काढतील म्हणून ते आत्ताच लिहून ठेवते. तारीख मॉडेल बाजारात आलं तिथून मोजू नका, त्या मॉडेलचा शेवटचा नग कंपनीने विकला तिथून मोजा, नाहीतर जुना माल पुन्हा सेलमध्ये तसाच येईल. क्यूआर कोडच्या आड ती दडवायची सवलत देऊ नका. २०२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंना काही माहिती क्यूआरमध्ये द्यायची मुभा दिली गेली, पण किंमत जशी उघड्या डोळ्यांनी वाचता येते तशी ही वाचता यायला हवी. जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन विक्रेत्यांना लेबलवरची माहिती वेबसाइटवरही दाखवावी लागते, त्यात हीसुद्धा येऊ द्या. तारीख संपल्यावर कंपनीने त्या मॉडेलचं पान उडवू नये, शेवटचा बायोस आणि ड्रायव्हर तिथेच राहू द्यावेत. आमच्यासारख्यांना जुन्या मशीनचा ड्रायव्हर कुठल्या तरी परक्या साइटवरून उतरवावा लागतो आणि त्याबरोबर काय येतं ते देवच जाणे. आणि ‘अपडेट’ म्हणजे नवी सजावट नव्हे, सुरक्षेची आणि बिघाडाची दुरुस्ती, अशी व्याख्या नियमातच असावी.

तोपर्यंत मी माझ्यापुरतं एक करते. विकलेल्या प्रत्येक लॅपटॉपच्या बिलावर त्या दिवशी कंपनीच्या पानावर असलेल्या बायोसची आवृत्ती आणि तारीख हाताने लिहून देते, आणि खाली ‘दुरुस्त्या अखेर’ असा रकाना आखते. क्रोमबुकचा रकाना भरता येतो. बाकीच्यांचा भरायला कंपन्यांना पत्रं टाकली, मेल केले. उत्तरं आली ती वॉरंटीच्या कालावधीची. अशा बिलांच्या प्रती सोबत जोडत आहे, गिऱ्हाइकांची नावं झाकून. आपल्या विभागाने या प्रतींवरच्या कंपन्यांना तीच एक तारीख विचारावी, आणि जे उत्तर येईल ते १९१५ हेल्पलाइनवर विचारणाऱ्या कोणालाही सांगितलं जावं, ही विनंती.

आपली विश्वासू,
तालुक्याच्या गावातील एक कॉम्प्युटर दुरुस्ती दुकानदार आणि ग्राहक